पाहुण्यांची सोय, रहिवाशांची पंचाईत

परगावी आठ-पंधरा दिवस मुक्काम करायचा तर हॉटेलच्या खोलीपेक्षा सर्व्हिस अपार्टमेंट बरे, हा विचार आता मध्यमवर्गात चांगलाच रुळला आहे. घरचे जेवण रांधता येते, मुलाबाळांसह एकत्र राहता येते आणि शहराच्या मध्यवस्तीत असल्याने येण्या-जाण्याची दगदग वाचते. मात्र ज्या इमारतीत हा मुक्काम पडतो, तेथे कायम राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न स्पेनमधील बार्सिलोना शहराने ऐरणीवर आणला आहे.

जून २०२४ मध्ये बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी, शहरातील निवासी इमारतींमध्ये पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत, अशी घोषणा केली. गेल्या दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी वाढल्या, असे कारण त्यांनी दिले. पुढच्याच महिन्यात हजारो रहिवाशांनी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. या निर्णयाला आधार असलेला कॅटालोनिया प्रांताचा २०२३ चा कायदा मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानेही वैध ठरवला.

या वादाचे मूळ शहराच्या रचनेत आहे. सग्रादा फामिलिया हे जगप्रसिद्ध चर्च ज्या एशाम्पला भागात आहे, तो एकोणिसाव्या शतकात आखून वसवलेला निवासी भाग. तेथे वरच्या मजल्यांवर घरे आणि तळमजल्यावर दुकाने असतात. पर्यटकाला हवीहवीशी वाटते ती हीच नांदती वस्ती. परंतु महिन्याच्या भाड्यापेक्षा रात्रीच्या दराने अधिक पैसा मिळू लागला, की मालक साहजिकच भाडेकरूऐवजी पाहुणा पसंत करतो. एकेक घर असे निसटत गेले की जिन्यात रोज नवे चेहरे दिसतात आणि ज्या शेजारासाठी पाहुणा आला, तो शेजारच उरत नाही.

अर्थात, बार्सिलोनाने सर्व्हिस अपार्टमेंट ही कल्पनाच मोडीत काढलेली नाही. संपूर्ण इमारत पर्यटकांसाठी राखून चालवला जाणारा व्यवसाय आणि राहत्या इमारतीतील सुटी सदनिका यांत तेथील कायदा भेद करतो. गदा आली आहे ती दुसऱ्या प्रकारावर. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून वेगळा मार्ग धरला. तेथे तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाने स्वतः तेथे हजर राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनपेक्षा अधिक असता कामा नयेत. घरमालकांचा आक्षेप असा, की टंचाईचे खरे कारण नवी घरे पुरेशी न बांधली जाणे हे आहे आणि अशा बंदीचा लाभ हॉटेलवाल्यांनाच होतो. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. दहा हजार सदनिका परत आल्याने सोळा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराचा घरांचा प्रश्न एकट्याने सुटणार नाही.

आपल्याकडील शहरांनी यातून कोणता बोध घ्यावा? मुंबईत सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये उतरणारे सारेच पर्यटक नसतात. बदलीवर आलेला अधिकारी, परळच्या रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या रुग्णाचे कुटुंब, अशांसाठी ही सोय मोलाची आहे. सरसकट बंदीने प्रथम त्यांचीच कोंडी होईल. दुसरीकडे, बाजूच्या सदनिकेत आज कोण उतरले आहे हे ठाऊक नसलेल्या सोसायटीच्या सभासदांची चिंताही रास्त आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्स कराराची लेखी नोंदणी बंधनकारक आहे. पण ही चौकट महिन्यांच्या वास्तव्याचा विचार करून आखलेली आहे, चार रात्रींच्या मुक्कामाचा नव्हे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या न्याहरी-निवास योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहण्याची अट आहे. मालक परगावी आणि किल्ल्या व्यवस्थापकाकडे, असा व्यवहार या अटीत बसत नाही.

बार्सिलोना असा कठोर निर्णय जाहीर करू शकली, कारण तिच्याकडे परवान्यांचा एकेक आकडा होता. म्हणून पहिले पाऊल बंदीचे नसून नोंदीचे असायला हवे. कोणत्या इमारतीत अशा किती सदनिका आहेत, त्यांची जबाबदारी कोणावर आणि सोसायटीची संमती आहे काय, एवढे महापालिकेला ठाऊक असले पाहिजे. इमारतीगणिक मर्यादा ठरवणे त्यानंतरच शक्य होईल. मध्यवस्तीतली घरे एकदा हातची गेली की ती परत मिळवण्यासाठी कायदा, न्यायालय आणि आंदोलन असा लांबचा फेरा पडतो. तो टाळण्याची संधी आपल्या शहरांना अद्याप आहे.