पापणीची शस्त्रक्रिया आणि एकटीचा प्रवास



आपल्याच खेड्यांतील, परंतु सांप्रत परदेशी नोकरीस असलेल्या एका भगिनीने या सदराकरिता प्रश्न पाठविला आहे. तिच्या वरच्या पापण्या जड आहेत. शाळेत असल्यापासून तिला ‘झोपाळू’ म्हणून चिडविण्यात आले. पुढे दोन स्थळे त्याच कारणावरून मोडली. आता हाताशी चार पैसे आहेत. येत्या रजेत बँकॉक किंवा सेऊल गाठावे, पापण्या नीट करून घ्याव्या आणि मगच गावी यावे, असा तिचा बेत आहे. घरी कोणास काही कळवावयाचे नाही, सोबतीस कोणी न्यावयाचे नाही. ती विचारते, “फादर, यात पाप आहे काय?”

प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच देतो. पापणीवर शस्त्रक्रिया करून घेणे हे मुळात पाप नव्हे. ख्रिस्तसभेने या विषयाचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. परमगुरू बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी इटलीतील प्लास्टिक सर्जरीच्या तज्ज्ञांपुढे याच विषयावर भाषण केले, आणि ९ ऑक्टोबरला त्यांचे देहावसान झाले. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यात त्यांना नाकाडोळ्यांच्या शस्त्रक्रियेविषयी बोलावेसे वाटले, ही गोष्ट हा विषय क्षुल्लक मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. शरीराचे सौंदर्य हे चांगलेच आहे, पण ते सर्वांत वरचे मूल्य नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेतू शुद्ध असावा, प्रकृतीस मोठा धोका नसावा आणि योजावयाच्या उपायाच्या मानाने कारणही तितकेच सबळ असावे, अशा अटी त्यांनी घातल्या. दुसऱ्यास मोहात पाडण्यासाठी, गुन्हेगाराने न्यायापासून निसटण्यासाठी, किंवा निव्वळ छानछोकीपायी धडधाकट अवयवास इजा पोहोचवून केलेली शस्त्रक्रिया मात्र त्यांनी गैर ठरविली.

या कसोटीवर आपल्या भगिनीचा हेतू उतरतो काय? माझ्या मते उतरतो. तिला कोणास भुलवावयाचे नाही. आपणास कोणी हिणवू नये, एवढेच तिला हवे आहे. येथे दोष शोधावयाचाच झाला तर तो तिच्याकडे नव्हे, आपल्याकडे शोधावा लागेल. संध्याकाळी कुटुंबात रोजरी म्हणावी आणि ती संपताच त्याच ओटीवर बसून कोणाच्या मुलीचा रंग, नाक, डोळे यांचा हिशेब मांडावा, हे आपल्या घरांतून अजून चालते. उत्पत्तीच्या पुस्तकात लाबानच्या थोरल्या मुलीचे, लेआचे, डोळे अधू होते आणि धाकटी राहेल रूपवान होती, असे स्पष्ट सांगितले आहे. याकोबाचे मन राहेलीवर जडले होते. परंतु यहूदा जन्मला तो लेआच्या पोटी. यहूदाच्या वंशात दावीद झाला, आणि दाविदाच्या वंशात आपला तारणारा जन्मास आला. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपैकी ही वंशावळ कोणी वाचली असेल, असे वाटत नाही.

तेव्हा पापापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. तथापि तिच्या बेतास माझी संमती नाही. आणि ती का नाही, हे सांगण्यासाठी थोडे वैद्यकात शिरावे लागेल.

जड पापणी ही एकच गोष्ट नव्हे. वय झाल्यावर पापणीची कातडी सैल होऊन खाली लोंबते. तेथे जादा कातडी आणि थोडी चरबी काढली की काम भागते. दुसऱ्या प्रकारात कातडी ठीक असते, पण पापणी वर उचलणारा आतला स्नायूच दुबळा असतो. पुष्कळांना हे वैगुण्य जन्मापासून असते. या दुसऱ्या प्रकारात कातडी कापून काही उपयोग नाही. स्नायू आवळून घ्यावा लागतो, किंवा तो अगदीच निकामी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूशी जोडावी लागते. तिसरा प्रकार जपान-कोरियाकडील. तेथील पुष्कळ लोकांच्या वरच्या पापणीस आपल्यासारखी घडी नसते. ती घडी पाडण्याची शस्त्रक्रिया मिकामो नावाच्या जपानी वैद्याने १८९६ साली प्रथम लिहून प्रसिद्ध केली, आणि आज सेऊलच्या गंगनाम भागात तिचा मोठाच व्यापार चालतो. आपल्याकडील बहुतेकांस ही घडी देवाने जन्मतःच दिलेली असते. या भगिनीच्या पापण्या शाळेपासून जड आहेत. म्हणजे बहुधा तिचा दोष स्नायूचा असावा. मग सेऊलची कीर्ती ज्या शस्त्रक्रियेमुळे झाली, तिची हिला गरजच नाही! जाहिरातीतील चेहरा पाहून विमानाचे तिकीट काढणाऱ्यास हा फरक कोण सांगणार?

येथेच आईबापांसाठी दोन शब्द सांगून घेतो. मूल जन्मतःच एक पापणी मिटलेली घेऊन आले, तर “मोठे झाले की उघडेल” असे म्हणून थांबू नये. पापणीआड झाकलेला डोळा पाहावयास शिकत नाही, आणि बालपण सरल्यावर त्यास शिकविणे फार कठीण जाते. अशा बालकास वेळेवर दाखविणे ही हौस नव्हे, कर्तव्य आहे. आणखी एक. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे एकाएकी जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर मण्यार चावल्याचा संशय धरावा. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतसुद्धा नाही. मांत्रिक नको, देवळाची वाट नको आणि माझी वाट पाहणेही नको. तत्काळ सरकारी इस्पितळ गाठावे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. ती फार मोठी नाही. बहुधा त्या जागेपुरतीच भूल देतात, तास-दोन तासांत काम उरकते, टाके साधारण आठवड्याभरात निघतात. परंतु लहान शस्त्रक्रिया म्हणजे बिनधोक शस्त्रक्रिया नव्हे. कातडी जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही. मग बुबुळ कोरडे पडते आणि त्यावर जखम होते. क्वचित, सुमारे २००० रुग्णांमागे एखाद्यास, डोळ्याच्या मागच्या बाजूस रक्तस्राव होतो. हा धोका पहिल्या दिवसात सर्वांत अधिक. एका डोळ्यात असह्य कळ, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे, नजर अंधारत जाणे ही त्याची लक्षणे. त्या वेळी काही तासांत उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

आता चित्र डोळ्यांपुढे आणावे. परका देश, परकी भाषा, हॉटेलातील एक खोली, दोन्ही डोळे सुजून बंद आणि मध्यरात्रीची ही कळ. फोनवरील आकडे तरी कसे दिसावे? घरी आई समजत असते की लेक कामावर आहे.

हे भय मी कल्पनेने रंगवीत नाही. हैदराबाद शहरात घडलेल्या दोन घटना सर्व वृत्तपत्रांतून आलेल्या आहेत. २०१६ साली तेथील एका तरुण संगणक अभियंत्याने दोन-तीन इंच उंची वाढावी म्हणून आपल्या चांगल्या पायांची हाडे कापवून घेतली. घरी पत्ता नव्हता. आईबापांनी मुलगा हरवल्याची तक्रार पोलिसांत दिली, आणि तो सापडला तो इस्पितळाच्या खाटेवर. पुढे राज्याच्या वैद्यक परिषदेने त्या शल्यविशारदावर कारवाई केली. दुसरी घटना याहून दुःखद आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत, लग्न ठरलेला २८ वर्षांचा एक तरुण हास्य सुंदर दिसावे म्हणून दातांच्या एका दवाखान्यात एकटाच गेला. शस्त्रक्रिया चालू असता तो बेशुद्ध पडला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. मुलाने आपणास या शस्त्रक्रियेविषयी काहीच सांगितले नव्हते, असे बापाने सांगितले. भूल अधिक झाली असा त्याचा आरोप होता, आणि पोलिसांनी हयगयीचा गुन्हा नोंदविला. दोष कोणाचा हे ठरविणे आपले काम नव्हे. पण मांडवाची तयारी चाललेल्या घरात तो निरोप कसा आला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

भुलीच्या शास्त्राशी या शहराचे जुने नाते आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. क्लोरोफॉर्म दिलेली माणसे का दगावतात, याचा शोध घेण्यासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या राजवटीत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली तेथे दोन आयोग बसले, आणि त्यांचा खर्च निजाम सरकारने उचलला. त्या आयोगांचे काही निष्कर्ष पुढील संशोधनात टिकले नाहीत. परंतु निजविलेल्या माणसाच्या श्वासावरून क्षणभरही नजर काढू नये, हा डॉ. लॉरींचा आग्रह आजही प्रत्येक शस्त्रक्रियागृहात पाळावा लागतो.

ही नजर ठेवणारा कोण, हे एकटा गेलेला रुग्ण कधीच पाहू शकत नाही. सेऊलमध्ये २०१६ साली एक तरुण विद्यार्थी जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावला. त्याच्या आईने शस्त्रक्रियागृहातील कॅमेऱ्याचे चित्रण मिळवून ते पुन्हा पुन्हा पाहिले. ज्या डॉक्टरवर विश्वास ठेवून मुलगा गेला होता तो मध्येच निघून गेला आणि काम दुसऱ्याच्या हाती सोपविले गेले, हे तिने उघडकीस आणले. तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या धडपडीमुळे कोरियात कायदा झाला, आणि सप्टेंबर २०२३ पासून भूल देऊन शुद्ध हरपविलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियागृहात कॅमेरा सक्तीचा झाला. ज्या देशाच्या शल्यकौशल्याची जगभर वाहवा होते, तेथे स्वतःच्या लोकांसाठी हा कायदा करावा लागला. मग परक्या मुलीने एकटीने कोणाच्या भरवशावर जावे?

आपल्या पवित्र ग्रंथात तोबीतची कथा आहे. तोबीत आंधळा झाला होता. मेदिया देशात ठेवलेले द्रव्य आणावयास मुलगा तोबिया यास धाडणे भाग होते. पण म्हाताऱ्याने आधी विश्वासाचा सोबती शोधावयास सांगितले, त्याचे कूळ-घराणे विचारले, दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरविली आणि मगच मुलास निरोप दिला. एवढे करूनही आई रडलीच. तो सोबती राफाएल देवदूत होता, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. त्याच सोबत्याच्या सांगण्यावरून तोबियाने माशाचे पित्त जपून आणले आणि बापाच्या डोळ्यांवरील सारा उतरविला. या कथेत तोबियाचा कुत्रासुद्धा बरोबर जातो! आपल्या भगिनीच्या बेतात तेवढीही सोबत नाही.

आता ती घरी का सांगत नाही, हेही विचारले पाहिजे. सांगितले तर “देवाने दिलेले रूप पालटू नकोस” असे एकजण म्हणेल, “एवढे पैसे डोळ्यांवर?” असे दुसरा म्हणेल, आणि तिसरा गावभर करील. ज्या घरात लेकीच्या दुःखास चेष्टेखेरीज उत्तर मिळत नाही, त्या घरापासून लेक दुःख लपवील, यात नवल ते काय? तिच्या आईबापांनी हा अंक वाचला तर आपल्या मुलीविषयी तर्क बांधू नये. पण परदेशी असलेल्या मुलीशी फोनवर पगाराखेरीज दुसरे काही बोलतो काय, हे एकदा आठवून पाहावे.

राहता राहिले, जावे कोठे? आपल्या मराठवाड्यास हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, आणि नांदेडकडील माणसे आजही डोळ्यांच्या दुखण्यासाठी तीच वाट धरतात. तेथील बंजारा हिल्स भागात १९८७ साली डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी नेत्रसंस्था उभारली. तिला एल. व्ही. प्रसाद यांचे नाव आहे. ‘आलम आरा’ या १९३१ सालच्या पहिल्या हिंदी बोलपटात काम केलेले, आणि पुढे निर्माते व दिग्दर्शक म्हणून नावाजलेले तेच हे प्रसाद. सुंदर चेहऱ्यांच्या धंद्यात जन्म घालविलेल्या या गृहस्थाने डोळ्यांच्या इस्पितळासाठी जमीन व एक कोटी रुपये दिले. तेथे पापण्यांच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात. ज्या कामासाठी ही भगिनी समुद्र ओलांडू पाहते, ते रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर होण्यासारखे आहे.

मी तिला सुचवितो ते असे. रजा मिळाली की आधी गावी यावे आणि आईस सांगावे. आईस सांगणे जड जात असेल तर मी बरोबर येईन. मग हैदराबादला नुसती तपासणी करून घ्यावी. दोष कातडीचा की स्नायूचा, हे कळल्यावरच निर्णय घ्यावा. लहानपणचे फोटो जवळ असावेत. दोष जन्माचा की मागाहूनचा, हे डॉक्टरांस त्यावरून कळते. चालू असलेल्या औषधांची यादी न्यावी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती अवश्य सांगावी आणि आपल्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेनंतर निदान पहिली रात्र उशाशी जागे माणूस हवे, आणि टाके निघेतो हैदराबाद सोडू नये.

आईस जमणार नसेल आणि घरात दुसरे कोणी मोकळे नसेल, तर सोबतीस जाण्यास तयार असलेल्या प्रौढ स्त्रियांनी आपली नावे पुढील रविवारच्या मिस्सानंतर पॅरिश कचेरीत द्यावी. कोणासाठी, हे विचारू नये. जाण्यायेण्याचे भाडे पॅरिशच्या मदतनिधीतून दिले जाईल.