बिनकामाचा पगार

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी पोस्ताची यादी निघते. हे खाते सौ.कडे. दूधवाला, पेपरवाला, जिना झाडणारी बाई, सोसायटीचा रखवालदार अशी नावे ती एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिते, पुढे आकडे घालते आणि चष्मा वर करून मला विचारते, "आणि कॉलेजातल्या मामांचे काय?" यंदा या प्रश्नाला उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. मामांचे मी जे देणे लागतो, ते त्या यादीत बसणारे नव्हते.

शिपायाला मामा म्हणण्याची आपल्या शाळा-कॉलेजांतून पद्धतच आहे. आमचे हे मामा घंटेचे. व्हरांड्याच्या टोकाला पितळेची जाड थाळी टांगलेली असे आणि मामा लाकडी हातोड्याने तिच्यावर टोल देत. बावीस वर्षे दिले. तास संपायला दोन मिनिटे उरली की ते हातोडा हातात घेऊन मनगटावरच्या घड्याळाकडे असे पाहत, की बघणाऱ्याला वाटावे, आता आगगाडीच सुटणार आहे. एखादा प्राध्यापक शिकवण्याच्या भरात पुढच्याचा वेळ खाऊ लागला, तर मामा त्याच्या वर्गाच्या बाजूला वळून आणखी एक टोल देत. या जादा टोलाचा अर्थ आम्हां सर्वांना ठाऊक होता. तो सर्वांत अधिक वेळा माझ्याच वाट्याला आला आहे.

चार वर्षांपूर्वी कॉलेजात आपोआप वाजणारी विजेची घंटा बसली. मामांना प्राचार्यांनी बोलावून घेतले आणि अगदी मनापासून सांगितले, "मामा, पुष्कळ केलेत. आता बसा निवांत. पगाराला धक्का नाही." व्हरांड्यातच एक स्टूल ठेवले गेले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी विनोद केला, "नशीब काढले मामांनी! काम नाही आणि पगार पुरा. असली बढती आम्हांला कधी मिळायची?" सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन मामा दारातच उभे होते. तेही हसले.

पुढचे दोन-तीन महिने आम्ही कोणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. बावीस वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस उशिरा येऊ लागला. दाढीचे खुंट दिसू लागले. मनगटावरचे घड्याळ गेले. विचारले तर म्हणाले, "पट्टा तुटला, सर." पट्टा तुटला होता हे खरे, पण तो बदलून घ्यावा असे त्यांना वाटत नव्हते. मग एक दिवस मामी कॉलेजात आल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रात्रीची झोप नाही यांना. पहाटे चारला उठून कपडे करून पलंगावर बसतात. जेवण म्हणाल तर पाखराएवढे. काही विचारले की म्हणतात, मी कशाला जातो तिथे?"

मामींचे ते बोलणे ऐकताना मला माझी पहिली सात वर्षे आठवली. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. ज्यांच्या कानांवर हा शब्द आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जेवढे तास घ्याल तेवढ्यांचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने नेमणूक. पैशांची ओढाताण होतीच. पण अधिक बोचायची ती दुसरीच गोष्ट. स्टाफरूममध्ये मला खुर्ची नव्हती. वार्षिक छायाचित्राच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्या हाती कॅमेरा देऊन म्हटले, "तुम्ही काढा हो, तुम्हांला काय, पुढच्या वर्षी असाल-नसाल." वर्गात मी ज्ञानेश्वरीवर बोलत असताना साठ मुले कान देऊन ऐकत, वर्गाबाहेर आलो की मी कोणीच नसे. त्या काळात मलाही रात्री झोप येत नसे. घरी मी चिडचिड करी आणि सौ. मुकाट्याने सोसत असे.

स्टाफरूमच्या चहाची एक यादी होती आणि तीत कायम प्राध्यापकांचीच नावे होती. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मामांनी माझ्यापुढे कप ठेवला. मी म्हणालो, "मामा, माझे नाव यादीत नाही." ते म्हणाले, "टोल मी तुमच्या तासालाही देतोच की." त्या दिवसापासून मला चहा मिळू लागला. मी या कॉलेजातला माणूस आहे, असे मला पहिल्यांदा सांगितले ते मामांनी. आणि त्याच मामांना स्टुलावर बसवले तेव्हा मी विनोद केला!

वाचकहो, मामांचे दुखणे माझ्या वाचनात पूर्वी आले होते, फक्त ते ओळखण्याची बुद्धी मला झाली नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाची गिरणीकामगारांची वस्ती होती. १९२९-३०च्या मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथे नुसते निरीक्षक म्हणून वावरायचे नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचे, असा त्यांचा नियम होता. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची सोय केली, शिवणाचे वर्ग चालवले.

त्यांना दिसले ते अद्भुत होते. बेकारांना वेळच वेळ होता, तेव्हा वाचनालयात झुंबड उडायला हवी होती. प्रत्यक्षात वर्गणी माफ करूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. संशोधकांनी खिडकीआडून घड्याळ लावून पाहिले, तर रस्त्याने जाणारे पुरुष रेंगाळत, पुनःपुन्हा थांबत चालत होते. बायकांची पावले मात्र भरभर पडत, कारण चूल-मूल त्यांना सुटले नव्हते. पुष्कळ पुरुषांनी घड्याळ बाळगणेच सोडून दिले होते. हे वाक्य मी कित्येक वर्षांपूर्वी वाचले होते. मामांचे रिकामे मनगट पाहूनही मला ते आठवू नये!

याच याहोडाबाईंनी १९८२ साली लिहिलेल्या पुस्तकात, काम माणसाला पगाराखेरीज काय देते, याची पाच कलमे मांडली: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, एकट्याच्या पलीकडचा सामायिक हेतू, समाजात एक ओळख, आणि हातापायांना नियमित उद्योग. मामांचा पगार शाबूत होता, गणवेश शाबूत होता. पण चार माणसांच्या कामात आपला हात लागतो, हे गेले होते. माझ्यापाशी हेतू भरपूर होता, जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी परिणाम तोच, झोप उडाली.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली, १८ जानेवारीला, मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. ज्या लालबाग-परळात गिरणीच्या भोंग्यावर घरे उठत, डबे भरले जात, तिथे हळूहळू भोंगे मुके झाले. त्या घरांतून पैशाबरोबर आणखी काय गेले, हे पोस्ताच्या यादीसारखे आकड्यांत लिहिता येत नाही.

असो. मामांना आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. "मी काय वेडा आहे का?" असे ते म्हणाले, पण आले. डॉक्टरांनी झोपेची, खाण्याची चौकशी केली, हे नैराश्य आहे असे सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या. मग सहज विचारले, "दिवसभर काय करता?" मामा म्हणाले, "स्टुलावर बसतो." डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि आमच्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली.

परत येऊन आम्ही मोठ्या उत्साहाने मामांना काम दिले: रोज सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या मोजायच्या. चौथ्या दिवशी मामा माझ्यापुढे वही ठेवून म्हणाले, "सर, काल होत्या तेवढ्याच आहेत. उद्याही तेवढ्याच असतील." खोटे काम माणसाला लगेच ओळखू येते. रिकामपणाहूनही त्यात अपमान अधिक आहे.

खरे काम आमच्या डोळ्यांसमोरच होते. परीक्षेच्या दिवसांत ती विजेची घंटा निरुपयोगी ठरे. कुठला पेपर दोन तासांचा, कुठला तीन तासांचा. अर्धा तास उरल्याची सूचना निराळी, दहा मिनिटांची निराळी. एक कारकून व्हरांड्यातून ओरडत फिरे. परीक्षा समितीच्या बैठकीला आम्ही मामांना बोलावले आणि विचारले, काय करावे? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थाळी कुठे ठेवली आहे?" ती अडगळीत होती. दुसऱ्या दिवशी ती चिंचेने घासून लखलखीत झालेली दिसली, आणि मामांच्या मनगटावर नवा पट्टा होता.

मामा एका रात्रीत खडखडीत बरे झाले, असे मी लिहिणार नाही. गोळ्या वर्षभर चालल्या आणि त्या चालायलाच हव्या होत्या. कामाने औषधाची जागा घेता येत नाही. ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरांकडे जावे, लाजू नये. तसेच हेतू पोटभर असला म्हणजे पगार अर्धपोटी चालतो, असेही कोणा संस्थाचालकाने समजू नये. पण पगार चोख दिला की आपले देणे फिटले, हा हिशेबही तितकाच अपुरा आहे. आपल्या हाताखाली, आपल्या दारी, आपल्या घरी राबणाऱ्या माणसाला, तुझ्यावाचून काहीतरी अडते, हे आपण कधी सांगतो का?

यंदा आमच्या कॉलेजात तासिकेवर दोन तरुण मुली आल्या आहेत. मधल्या सुट्टीत त्या ग्रंथालयात जाऊन डबा खातात, कारण स्टाफरूममध्ये खुर्ची नाही. गेल्या महिन्यात मी दोन खुर्च्या आत आणवल्या आणि चहाच्या यादीत त्यांची नावे घालायला गेलो. यादीत ती आधीच होती. अक्षर मामांचे होते.

"अहो, मामांपुढे किती लिहू?" सौ.ने पुन्हा विचारले. मी म्हणालो, "आकडा तू घाल. फराळाचा डबा मात्र मी स्वतः घेऊन जाईन. एक जुना विनोद परत घ्यायचा आहे."