वायफाय कॉलिंग आणि गेलेले लाइट

वायफायवरून बोलायला आता वेगळं यंत्र लागत नाही. २००६ मध्ये त्यासाठी स्काइपचे खास हँडसेट निघाले होते. स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं. हँडसेटमध्ये सोय असली की सेटिंगमध्ये जाऊन एक बटण चालू करायचं, झालं! नंबर तोच, अ‍ॅप नको. रेंज नसलेल्या आतल्या खोलीतही आवाज खणखणीत.

पण खरी गोम पुढेच आहे. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्सचेंजमधल्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून लाइट गेले तरी फोन चालायचा. आता लाइट गेले की राउटर बंद, आणि घरात रेंज नसेल तर मोबाइल म्हणजे नुसती बॅटरी! दोघंच राहणाऱ्या आई-बाबांना रात्री डॉक्टरला फोन लावायचा असेल तर?

म्हणून राउटरला आणि फायबरच्या डबीला छोटा यूपीएस जोडल्याशिवाय सेटअप पूर्ण झाला असं मी मानत नाही. जोडल्यावर मेन स्विच बंद करून एक फोन लावून बघाच. टेस्टिंगशिवाय आपण रिलीज करतो का राव?