विजेचे बिल की दुसरे भाडे?

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थी आमच्या कार्यालयात आला आणि वहीच्या पानाचा एक तुकडा त्याने आमच्यापुढे ठेवला. सदाशिव पेठेतील एका खोलीत आणखी चौघांसह तो कॉट बेसिसवर राहतो आणि स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो. त्या तुकड्यावर तीनच ओळी होत्या : कॉटचे भाडे, पाणी आणि वीज. विजेपुढे आठशे रुपयांचा आकडा होता. युनिटे किती, दर कोणता, बिल कोणत्या महिन्याचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते. "मालकांना विचारलेस काय?" असे आम्ही म्हटले. "विचारले. परवडत नसेल तर कॉट रिकामी कर म्हणाले," असे तो अगदी शांतपणे उत्तरला. हा आकडा पाहून वाटली नसती एवढी अस्वस्थता त्याच्या त्या शांतपणाने आम्हांस वाटली.

आठशे रुपये म्हणजे राज्यावरचे संकट नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु पुण्याच्या पेठांतून, कर्वेनगरापासून धनकवडीपर्यंतच्या उपनगरांतून, आणि महाविद्यालये जेथे जेथे आहेत तेथील गल्लीबोळांतून अशा खोल्यांत राहणारी मुले-मुली हजारोंनी मोजावी लागतील. त्यांतील पुष्कळांचे वडील मराठवाड्यात वा खानदेशात कोरडवाहू शेती करतात आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम कशीबशी पाठवितात. भाडे किती हे त्यांना आधी ठाऊक असते. मेस किती हेही ठाऊक असते. विजेचा आकडा मात्र दर महिन्यास मालक सांगेल तो. ज्याचे जळते त्याला कळते, हेच खरे.

या आठशे रुपयांचा हिशेब आपण सर्वांनीच एकदा मांडून पाहावा. ७५ वॅटचा पंखा दिवसाचे सोळा तास फिरला तर महिन्यास ३६ युनिटे होतात. वीस-वीस वॅटचे दोन दिवे आठ तास जळले तर सुमारे १० युनिटे. पाच जणांचे पाच लॅपटॉप प्रत्येकी सहा तास चालले, तर ५० वॅटप्रमाणे ४५ युनिटे. मोबाइल भरण्यास महिन्याकाठी दोन-तीन युनिटांहून अधिक वीज लागत नाही. म्हणजे साऱ्या खोलीची वीज नव्वद-पंचाण्णव युनिटांत भागते. आंघोळीचे गरम पाणी, पाण्याचा पंप आणि जिन्यावरचा दिवा यांचा वाटा म्हणून आणखी चाळीस युनिटे उदार हाताने मिळवू. एकूण झाली सुमारे १३५. पाच जणांकडून गोळा होतात चार हजार रुपये. म्हणजे युनिटास तीस रुपयांच्या जवळपास! महावितरणच्या घरगुती दरपत्रकातील सर्वांत वरच्या टप्प्यासही हा दर पडत नाही. मग हे विजेचे बिल म्हणावयाचे की वेगळ्या नावाने घेतलेले दुसरे भाडे?

घरमालकांची बाजू न ऐकता निवाडा देणे आमच्या मनात नाही. या शहरातील अनेक घरमालक हे निवृत्त शिक्षक, विधवा भगिनी वा वडिलोपार्जित वाड्याच्या दोन खोल्यांवर संसार चालविणारी सामान्य माणसे आहेत. गेल्या दशकात घरगुती वीज महाग होत गेली आणि तिचा पहिला चटका त्यांनाच बसला. बिलात केवळ वापरलेल्या युनिटांचे मोल नसते. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क, एवढ्या पायऱ्या चढून तो आकडा तयार होतो. इंडक्शनच्या शेगडीवर रात्री-अपरात्री भात शिजविणारे आणि पंखा चालू ठेवून गावी जाणारे विद्यार्थीही असतातच. वीज ठोक रकमेत दिली की काटकसरीची बुद्धी नाहीशी होते, ही मालकांची तक्रार खोटी नाही.

याहूनही एक मोठी अडचण आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. घरगुती विजेचे दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पाहिले, तर पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढील दोनशे युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होता. एका मीटरमागे एक कुटुंब राहते, आणि अधिक वीज वापरणारे कुटुंब अधिक सुखवस्तू असते, या समजुतीवर ही रचना उभी आहे. परंतु ज्या मीटरवर अशा तीन खोल्या आणि पंधरा मुले आहेत, तो मीटर चारशेचा आकडा गाठतो तो सुखवस्तूपणामुळे नव्हे. प्रत्येकाच्या वाट्यास पुरती तीस युनिटेही येत नाहीत, आणि तरीही गरिबातला गरीब विद्यार्थी श्रीमंताच्या टप्प्याने पैसे मोजतो. हा दोष मालकाचा नाही, नियमाचा आहे. तो दूर करण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगाचे आहे.

दुसऱ्याच्या छपराखाली राहून त्याच्या तारेवरून वीज घ्यावयाची आणि तिचे मोल त्यालाच द्यावयाचे, हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. इंग्लंडात सुट्टीसाठी कॅरॅव्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांची फार मोठी संख्या आहे. रात्रीच्या मुक्कामास ते तळावर उतरतात आणि तळाच्या मालकाकडून वीज घेतात. तेथेही वर्षानुवर्षे रात्रीस अमुक एक ठोक आकार, हीच सर्वसाधारण वहिवाट होती. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे युरोपात वीज व वायू यांचे दर कडाडले, तेव्हा ठोक आकार मालकांस परवडेनात आणि तो वाढविला तर केवळ एक दिवा लावणाऱ्या प्रवाशासही विजेची शेगडी पेटविणाऱ्याइतकेच पैसे पडू लागले. अनेक तळ मग मीटरकडे वळले.

तथापि त्या देशात एक कुंपण आधीपासूनच घातलेले होते. घरगुती वापराची वीज पुन्हा विकणाऱ्याने, मग तो घरमालक असो वा कॅरॅव्हॅन-तळाचा चालक, आपण स्वतः मोजला त्याहून अधिक दर घेता कामा नये, असा नियम तेथील नियामक संस्था ऑफजेम हिने २००३ पासून लागू केला आहे. स्थिर आकाराचा वाटा प्रमाणात घ्यावा, नफा मात्र घेऊ नये. अधिक घेतलेली रक्कम ग्राहकास न्यायालयातून परत मागता येते. २०२२ मध्ये सरकारने वीजबिलांत सवलत दिली तेव्हा मधल्या माणसाने ती आपल्याच खिशात न ठेवता पुढे पोहोचवावी, म्हणूनही वेगळे नियम करावे लागले. चार रात्रींच्या पाहुण्यास जे संरक्षण तेथे मिळते, ते चार वर्षे राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास येथे मिळू नये काय?

आपल्याकडे कायद्याची अगदीच वाण आहे असे नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२ परवान्याविना विजेचा व्यापार करण्यास मनाई करते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २९ नुसार योग्य कारणावाचून भाडेकरूची वीज तोडता येत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने गृहसंकुलांत प्रत्येक घराची वीज, जनित्राची वीज आणि सामाईक जागेची वीज यांचे हिशेब वेगवेगळे ठेवण्यास सांगितले. तत्त्व मान्य झालेले आहे. ते सदनिकेच्या दारापर्यंत आले आणि तेथेच थबकले. कॉटवर राहणाऱ्याच्या हाती बहुधा करारच नसतो, बिलावर त्याचे नाव नसते, आणि तक्रार करावी तर दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून जावे कोठे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वीज एक तर भाड्यात धरावी आणि तसे आधी सांगावे, किंवा वेगळी घ्यावयाची असेल तर ती मोजून व पडत्या दरानेच घ्यावी. तिसरा मार्ग असू नये. खोलीस पोटमीटर बसवावा. राहावयास येताना आणि जाताना त्याचा आकडा दोघांनी मिळून लिहून घ्यावा. महिन्याच्या एकूण बिलास एकूण युनिटांनी भागून जो दर येईल, तोच खोलीस लावावा. स्थिर आकार आणि पंप-जिन्याची वीज सर्वांत समान वाटावी, आणि मूळ बिल दारामागे चिकटवावे. मोजणीमुळे पंखा बंद करण्याची सवय मुलांस आपोआप लागेल आणि बिल उघडे ठेवल्यामुळे मालकावरचा संशयही उरणार नाही. ज्यांनी छपरावर सौर संच बसविला आहे, त्यांनी त्या भांडवलाचा मोबदला अवश्य घ्यावा. तो भाड्यात दाखवावा, विजेच्या आकड्यात दडवू नये.

सरकारकडे आमचे मागणे दोनच आहे. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी होते त्या नमुन्यात वीज कशी मोजली जाईल आणि कोणत्या दराने घेतली जाईल, एवढे एक कलम सक्तीचे करावे. त्यास तिजोरीतून एक पैसाही लागणार नाही. आणि नियामक आयोगाने, नोंदणीकृत करारांन्वये एकाच मीटरवर अनेक स्वतंत्र व्यक्ती राहतात असे सिद्ध झाल्यास, टप्पे ठरविताना त्यांची संख्या विचारात घ्यावी. यातून विद्यार्थ्यास स्वस्त वीज मिळेल आणि करार नोंदविण्यात मालकासही लाभ दिसू लागेल.

उरतो तो प्रश्न मनाचा. या शहराने परगावच्या विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घातले, त्या जेवणाचा हिशेब कोणी ठेवला नाही. ते दिवस आता परत येणार नाहीत आणि यावेत असा आमचा आग्रहही नाही. भाडे बाजारभावाने घ्यावे. तो मालकाचा हक्क आहे. परंतु ज्या मुलाने दिव्याखाली बसून परीक्षा द्यावयाची आणि उद्या तहसीलदार वा न्यायाधीश म्हणून चोख हिशेबाची अपेक्षा इतरांकडून करावयाची, त्याला या विद्येच्या माहेरघरात पहिला धडा कोणता मिळावा? प्रश्न विचारला तर कॉट जाते, हा धडा घेऊन तो खुर्चीवर बसला, तर त्या खुर्चीसमोर उभे राहण्याची पाळी उद्या आपल्याच मुलाबाळांवर येणार आहे. वहीच्या त्या तुकड्यावर चौथी ओळ लिहावयास फारसे काही लागत नाही : युनिटे इतकी, दर इतका. घरमालकांनी ती या महिन्यापासूनच लिहावी, ही आमची त्यांना विनंती आहे.