बारगीर की शिलेदार?

लक्ष्मी रस्त्याने जाताना हुजूरपागेवरून आपण शेकडो वेळा गेलो असू. १८८४ साली स्थापन झालेली ही मुलींची शाळा आज जेथे उभी आहे, तेथे एके काळी पेशव्यांच्या हुजुरातीचे घोडे बांधले जात. पागा गेली, नाव उरले. गेल्या महिन्यात मात्र हा शब्द आमच्या घरात पुन्हा अवतरला, आणि तोही थेट हिशेबाच्या वहीत.

माझी नात अकरावीत शिकते. गेली चार वर्षे ती शहराबाहेरील एका अश्वारोहण शाळेत नेमाने जाते. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर प्रथमच सुवर्ण लाभले होते. त्या दिवसापासून ‘ड्रेसाज’ हा शब्द आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला. या प्रकारात वेग नाही आणि उडीही नाही. वीस मीटर रुंद व साठ मीटर लांब रिंगणात घोड्याने ठरलेल्या जागी ठरलेली चाल दाखवायची, आणि स्वाराने काही सांगितले हे पाहणाऱ्याला कळूही द्यायचे नाही. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात.

आता चौदा वर्षांचा, या विद्येत मुरलेला एक घोडा विक्रीस आहे. जावईबापू म्हणाले, “बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जे मंजूर केलीत. हे प्रकरणही तुम्हीच तपासा.”

माझा पहिला शेरा नकाराचा होता. या मालमत्तेचे मूल्य दरवर्षी घटणार आणि तिचा खर्च मात्र थांबणार नाही. पाचशे किलोच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो वैरण लागते; शिवाय चंदी, मोतद्दाराचा पगार, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद आणि अवेळी उद्भवणारा पोटशूळ. किंमत एकदाच मोजायची असते, पागा रोज मोजावी लागते. एवढ्या पैशात तरुण घोडा का घेऊ नये, असेही मी विचारले.

उत्तर मला रिंगणाच्या कठड्याशी उभे राहिल्यावर मिळाले. नातीला सरळ जायचे होते; घोडा मात्र तिरका सरकू लागला. ती चिडली. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, “त्याचे काही चुकलेले नाही. तुझी उजवी टाच काय सांगते आहे ते बघ.” तिने टाच सैल केली आणि घोडा सरळ झाला. नवशिक्या घोड्यावर चूक कोणाची हेच कळत नाही. दोघेही एकमेकांच्या चुका पक्क्या करतात. जाणत्या घोड्याला जे सांगावे तेच तो करतो, आणि स्वाराची चूक लगेच उघडी पडते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश अश्वारोहण शाळेत शतकानुशतके हाच शिरस्ता आहे : नव्या स्वाराला जुना घोडा शिकवतो आणि नव्या घोड्याला जुना स्वार.

म्हणजे गुरू हवा, हे मान्य झाले. पण तो विकतच घ्यावा का?

मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. आज आपल्याला शिलेदार थोर वाटतो. शिवछत्रपतींच्या व्यवस्थेत मात्र पागेचे बळ मोठे मानले जाई आणि शिलेदार पागेच्या हुकमतीखाली असत. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, असे सभासद बखरीवरून दिसते. स्वार कोणीही असो, घोड्याच्या चारापाण्याची सोय आधी लागलेली असे.

कर्ज देताना आम्ही जामीनदार पाहत असू. येथे मी तोच प्रश्न विचारला. घोडा पंचवीस, क्वचित तीस वर्षेही जगतो. हा चौदाचा आहे. स्वारी पेलण्याची त्याची वर्षे मोजकी, जगण्याची त्याहून अधिक. दोन वर्षांनी नात शिकण्यासाठी कदाचित परगावी जाईल. तो वीस वर्षांचा होईल तेव्हा मी पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असेन. त्याच्या म्हातारपणाला जामीन कोण? आपल्या समाजाने पांजरपोळ चालवले ते निराधार जिवांसाठी. आपली हौस फिटल्यावर तेथे जबाबदारी उतरवून यावी, यासाठी नव्हे.

नातीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, दुसऱ्या कोणी घेतला तर?” “घेईलही,” मी म्हणालो. याहून गोड उत्तर मला सुचले नाही आणि सुचवायचेही नव्हते.

अखेर आम्ही मालकांशी बोललो. एक वर्षाचा लेखी करार ठरला : निम्मा खर्च आमचा, आठवड्यातून तीन दिवस रपेट नातीची, आणि खरारा व तबेल्याची झाडलोटही त्या दिवशी तिचीच. वर्षानंतर खरेदीचा पहिला हक्क आमचा. तोवर ती बारगीर.

खरेदीची वेळ आलीच तर चार गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पूर्वसूचना न देता जाऊन घोडा तबेल्यात पाहावा. आधी विकणाऱ्याच्या स्वाराला बसवावे. स्वतंत्र पशुवैद्याकडून पायांची क्ष-किरण तपासणी करावी. शामक वा वेदनाशामक देऊन घोडा शांत दाखवलेला नाही ना, यासाठी रक्तही तपासावे. आणि विकण्याचे कारण दोनदा विचारावे.

पाचवी गोष्ट नातीची. करार झाला त्याच आठवड्यात तिने वाढदिवसाच्या पैशांतून आवर्ती ठेव सुरू केली. पासबुकाच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘त्याचे म्हातारपण’. बँकेत छत्तीस वर्षे काढली, पण ठेवीचा असा उद्देश मी कोणत्याही अर्जावर वाचला नव्हता.