आधी पाणी, मग ऊब, मग घास

वाचकहो, या सदरात आपण नेहमी माणसांच्या आजारांविषयी बोलतो. आज एका कासवाची हकीकत सांगणार आहे. मी माणसांचा डॉक्टर. कासवाच्या आजारात माझा अधिकार शून्य. तरीही सांगतो, कारण त्या कासवाच्या उपचारांत मला माझीच एक जुनी चूक पुन्हा दिसली, आणि ती चूक आजही अनेक घरांत केवळ मायेपोटी होत असते.

माझी थोरली बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला मुलाकडे राहते. वय चौऱ्याहत्तर. तिच्या नातीने हर्मन जातीचे एक कासव पाळले आहे. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशातले हे जमिनीवरचे कासव हिवाळ्यात शीतनिद्रा घेते. तिकडे अनेक जण त्याला सुमारे ५ अंश तापमानाच्या वेगळ्या फ्रिजमध्ये दोन-तीन महिने निजवतात आणि वसंत ऋतूत जागे करतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तिथे पोहोचलो, तेव्हा कासव जागे होऊन आठ दिवस झाले होते आणि त्याने एक पानही खाल्ले नव्हते.

स्वयंपाकघरात ताई काकडीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरून बसली होती. बोटाने तोंड उघडण्याचाही प्रयत्न चालला होता. "अरे, आठ दिवस उपाशी आहे रे! पोटात काही गेलं नाही तर जाईल ते." तिचे डोळे भरून आले होते. आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणात ती अशीच वाटी-चमचा घेऊन बसत असे, ते मला आठवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेल्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम कासवाला तराजूत ठेवले. शीतनिद्रेपूर्वी वजन ११२० ग्रॅम होते, आता ९४० भरले. कवच जसेच्या तसे असल्यामुळे वरून पाहताना काहीच कळत नव्हते. "कासव डोळ्यांनी जोखू नका, काट्यावर जोखा," त्या म्हणाल्या. मग तोंडात फोड आहेत का, चोच वाढली आहे का, नाक वाहते का, हे पाहिले. जंत तपासण्यासाठी शौचाचा नमुना मागितला. उपास हा आजार नसतो, ते आजाराचे चिन्ह असू शकते, हे आम्हा डॉक्टरांनाही अधूनमधून स्वतःला बजावावे लागते.

ताईने विचारले, "मग खायला काय देऊ?" उत्तर आले, "आज काहीच नाही. आधी पाणी."

त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावले. लांबलेल्या झोपेत कासवाच्या शरीरातील पाणी आटते आणि टाकाऊ द्रव्ये साठून राहतात. सुकलेल्या मूत्रपिंडांवर आणि थंड पडलेल्या आतड्यांवर अन्नाचा भार टाकला, तर उपकाराऐवजी अपकार होतो. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटे त्याला कोमट पाण्याच्या उथळ टबात ठेवायचे. पाणी हनुवटीपर्यंतच, नाक मोकळे राहिले पाहिजे आणि एक क्षणही नजर हटता कामा नये. कासव मान खाली घालून सावकाश पाणी ओढून घेते. लघवीबरोबर पांढरा अंश पडतो. तो वाळूसारखा खरखरीत असेल तर पाणी अजून कमी आहे, मऊसर असेल तर गाडी रुळावर येत आहे.

दुसरी गोष्ट ऊब. कासवाचे रक्त परिसराच्या तापमानावर चालते. अंग गरम झाल्याशिवाय त्याचे पचन सुरूच होत नाही. त्यामुळे एका कोपऱ्यात दिव्याखाली ३० ते ३५ अंशांची शेकण्याची जागा हवी आणि दुसरा कोपरा थंड, म्हणजे नको वाटेल तेव्हा त्याला सरकता येईल. शिवाय अतिनील किरणांचा खास दिवा हवा, कारण ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम त्याखेरीज सांभाळले जात नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्यासाठी पुरत नाही. काच ते किरण अडवते.

घास तिसऱ्या क्रमांकावर. काकडीत बहुतेक पाणीच. अशा कासवाला हवा तो चोथा आणि कॅल्शियम. परसातील डँडेलियनची पाने, क्लोव्हर, रानातला साधा पाला हे त्याचे खरे अन्न. पाव, दूध, कुत्र्याचे खाद्य अजिबात नाही, आणि या जातीला गोड फळेही नकोत. "तोंड उघडून घास कोंबू नका. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. गरज पडली तर नळीने आम्ही देऊ, तेही आधी पाणी भरून, अगदी थोडे थोडे. फार दिवसांच्या उपाशी प्राण्याला एकदम पोटभर दिले, तर त्यानेच तो दगावू शकतो."

या शेवटच्या वाक्याशी मी थबकलो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात, पत्नीच्या निधनानंतर अंथरूण धरलेल्या एका आजोबांना मी घरी पाहायला गेलो होतो. दोन आठवडे ते चहावरच होते. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि सुनेला म्हणालो, "भरपूर खाऊ घाला, सगळं ठीक होईल." सुनेने माझा शब्द झेलला. शिरा, केळी, दूध-साखर, गूळ-तूप-पोळी. चौथ्या दिवशी आजोबांच्या पायांना सूज आली, धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा फॉस्फेट आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली गेले होते. ते वाचले, पण ती सून मला भेटल्यावर म्हणाली, "डॉक्टर, मी त्यांना जेवायलाच घातलं ना हो?" तिची चूक नव्हती. चूक माझी होती.

उपाशी शरीर काटकसरीने जगते. अचानक गोड आणि पिष्टमय अन्न आले, की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते. ब-१ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठा संपतो. हृदय आणि मेंदू अडचणीत येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हा प्रकार डॉक्टरांनी पाहिला होता. पुस्तकात मी तो वाचला होता. आजोबांच्या खाटेशी मात्र आठवला नाही.

म्हणून, घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्या वाचकांनो, त्या पशुवैद्य बाईंचा क्रम माणसांच्या संदर्भात पुढीलप्रमाणे लक्षात ठेवा.

आधी वजन. कवचाचे काम आपल्याकडे शाल आणि सैल लुगडे करते. बोटातून निसटणारी अंगठी, सैल पडलेली कवळी, एक घर आत गेलेला पट्टा या खुणा पाहा. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. महिन्याभरात शंभरातले पाच भाग किंवा सहा महिन्यांत दहा भाग वजन विनाकारण घटले, तर टॉनिक आणू नका, डॉक्टरांकडे जा. दात, गिळण्याचा त्रास, मधुमेह, क्षय, थायरॉइड, कर्करोग, चालू औषधे, मनाची उदासी यांपैकी काहीही मुळाशी असू शकते.

मग पाणी. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून मागण्याची वाट पाहू नका. दर तासाला दोन-चार घोट, रुग्णाला ताठ बसवून. गडद लघवी, कोरडी जीभ, नवी गुंगी या धोक्याच्या खुणा आहेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

घास शेवटी आणि थोडा. पाच दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीच खाल्ले नसेल, तर घरच्या घरी खाऊ घालण्याचा धडाका लावू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. जेवणापूर्वी ब-१ द्यावे लागते, आणि अन्न गरजेच्या निम्म्याहून कमी प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावे लागते. एरवी भूक मंदावलेल्यांना दिवसातून पाच-सहा वेळा लहान वाटीत द्या: मऊ भात-वरणावर चमचाभर तूप, नाचणीची आंबील, ताक, चालत असल्यास उकडलेले अंडे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. आणि झोपलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमचा घालू नका.

दोन सूचना कासवाविषयीही. आपल्याकडे चांदणी कासव किंवा इतर कोणतेही देशी कासव घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. लक्ष्मी येते म्हणून कोणी आणून दिले असेल, तर घरगुती उपचार न करता ते वन विभागाच्या स्वाधीन करावे. परदेशी असोत वा देशी, निरोगी दिसणाऱ्या कासवांच्याही शौचातून साल्मोनेला जंतू येतात. पाच वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील माणसे यांना त्यांचा धोका अधिक. मुले-नातवंडे परदेशी असून तिकडे कासव असेल, तर टब वेगळा ठेवावा, स्वयंपाकघरातील बेसिन वापरू नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. ताईला मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर हलवले, तेव्हा ती माझ्यावर रागावली होती.

त्या कासवाचे पुढे काय झाले? पहिल्या आठवड्यात वजन १०१० ग्रॅम झाले, तेही केवळ पाण्याने. खाणे अजून शून्यच. ताई रोज टबाशेजारी स्टूल टाकून बसे आणि काकडी मात्र फ्रिजमध्येच राही. नवव्या दिवशी दिव्याखाली शेकून झाल्यावर त्याने मान लांबवली आणि डँडेलियनच्या पानाला अर्धचंद्राकृती चावा घेतला. नातीने टाळ्या पिटल्या. ताईने दुसरे पान पुढे केले नाही. हात मांडीवर ठेवून ती पाहत राहिली.

त्या रात्री ती म्हणाली, "आईला शेवटी मी फार भरवलं का रे?" मी म्हणालो, "तू घाबरली होतीस, ताई. तेव्हा आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं." वाचकहो, आज तुम्हाला सांगितले आहे. चमचा उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि आधी पाण्याचा पेला हाती घ्या.