पक्ष्याचा डोळा आणि अंधारातला सराव

एकाग्रता म्हटलं की आपल्याकडे हमखास अर्जुन आठवतो. झाडावरचा पक्षी आणि त्याचा डोळा! पण महाभारताच्या त्याच आदिपर्वात आणखी एक गोष्ट आहे, ती मुलांना फारशी कुणी सांगत नाही. रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझतो, तरी अर्जुनाचा घास बरोबर तोंडात जातो. ही सवयीची करामत आहे हे ओळखून तो अंधारात धनुष्याचा सराव सुरू करतो. माझ्या मते पुढे तो डोळा टिपला गेला, तो या सरावाच्या जोरावर.

आपले खाशाबा जाधव बघा ना. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला पैलवान १९४८ साली लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला. पदकाचा नुसता ध्यास घेऊन भागलं नसतं. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत केली, तेव्हा कुठे १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं.

त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी, २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं. या प्रकारात गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. पात्रता फेरीत एकूण ६० गोळ्या! तिथे तो सातवा होता. हुकलेली गोळी परत येत नाही आणि पदकाचा विचार करत बसलं तर हातातलीही हुकते. म्हणून एका वेळी एकच गोळी, एकच श्वास.

माझी नात पुढच्या वर्षी दहावीला बसेल. तिच्या टेबलासमोर आत्तापासूनच '९५ टक्के' असा कागद चिकटवलाय. पोर पुस्तकापेक्षा त्या कागदाकडेच जास्त बघते आणि रात्री दचकून उठते. याला एकाग्रता म्हणायचं की धास्ती?

ध्येय हवंच, त्याशिवाय दिशा कळत नाही. पण दिशा एकदा ठरली की नजर आजच्या धड्यावर, समोरच्या गणितावर असावी. घरातल्या मोठ्यांनीही रोज 'किती मिळतील?' असं विचारण्याऐवजी 'आज काय नवीन कळलं?' एवढंच विचारावं. निकाल त्याच्या वेळेला लागेलच.

असो. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा.